इद्रा बेटावरचा प्रसाद

“तुझ्या आत्याला सांग, पदर खोचून घ्या म्हणावं. वारा फार आहे,” आई म्हणाली.

आत्या तिथेच होती. बोटीच्या वरच्या डेकवर एका बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. उजवीकडे आई, डावीकडे आत्या आणि मधे मी. दोघींत माझ्या रुंदीएवढंच अंतर होतं. तरी मी मान वळवली आणि निरोप पोचवला, कारण चार दिवस माझा हाच धंदा चालला होता.

“तुझ्या आईला म्हणावं, मी जन्मभर भूगोल शिकवलाय. वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते मला ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. आणि मग पदर खोचून घेतला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी ग्रीसमध्ये, अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीला होतो. आई आणि शरयूआत्या कराडहून मला भेटायला आल्या होत्या. आल्या होत्या म्हणण्यापेक्षा मी त्यांना फसवून आणलं होतं.

कराडला आमचं दुमजली घर. खाली आई, वर आत्या. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही, कन्याशाळेत भूगोल शिकवला आणि धाकट्या भावाला शेवटपर्यंत आपल्याच वर्गातला विद्यार्थी समजून वागवलं. अण्णा गेले आणि त्यानंतर तीन वर्षं वरच्या मजल्याचं खालच्या मजल्याशी बोलणं नव्हतं. घर तेच, जिना तोच, पण आत्यानं वर स्वतंत्र गॅस घेतला होता आणि वाण्याचा माणूस एकाच घरात दोन पिशव्या टाकून जायचा.

हे सुरू झालं अण्णांच्या गोड जेवणाच्या दिवशी. तेरा दिवसांचं सगळं उरकलं होतं, पंगत बसली होती, मी पाणी वाढत होतो. आईनं स्वतःच्या हातानं आत्याच्या पानात गोड वाढलं. आत्या पानाकडे बघत राहिली, मग “मला नको,” एवढंच म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठून जिना चढून गेली. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर ताट फेकल्यासारखंच. त्यातून सख्ख्या भावाचं गोड जेवण. पंगतीतल्या चुलत्या-मावश्यांनी हा प्रसंग एवढ्या आपुलकीनं गावभर पोचवला की संध्याकाळपर्यंत दुधवाल्यालाही ठाऊक झाला. का उठलात, असं आईनं कधी विचारलं नाही आणि आत्यानं कधी सांगितलं नाही.

मी दूर होतो. म्हाताऱ्या बायकांचे रुसवे, निवळतील, असं म्हणत राहिलो. पण त्या वर्षी आत्यानं पुण्याला एका वृद्धाश्रमात खोली ठरवली आणि ही बातमी आईला शेजारणीकडून कळेल अशी व्यवस्था केली. आई फोनवर मला म्हणाली, जाऊ देत, माझं काय जातंय. आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन करून विचारलं, तसल्या ठिकाणी पोळ्या मऊ देतात का रे, तुझ्या आत्याच्या दाढा गेल्यात. तेव्हा मी हातपाय हलवायचं ठरवलं. आत्या एकदा पुण्याला गेली की परत येणाऱ्यातली नव्हती, आणि मागे एवढ्या घरात आई एकटी उरली असती.

मी दोघींना वेगवेगळा फोन केला. आईला म्हणालो, तू ये, पण आत्याला सांगू नकोस, तिला उगाच वाईट वाटेल. आत्याला म्हणालो, तू ये, पण आईला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल. दोघींनी ही अट इतक्या आनंदानं पाळली की मला माझीच लाज वाटली. जाण्याच्या दिवशी पहाटे आमच्या फाटकासमोर दोन टॅक्सी येऊन उभ्या राहिल्या. आई बॅग घेऊन खालच्या दारातून बाहेर पडली, आत्या बॅग घेऊन जिन्यावरून उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आपापल्या टॅक्सीत बसल्या आणि एकीमागे एक मुंबईपर्यंत गेल्या. विमानात जागा शेजारीशेजारी होत्या, तेवढं मी बघितलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. अथेन्सला उतरल्यावर मला मात्र दोघींनी एकाच वेळी, एकाच शब्दात ‘लबाड’ म्हटलं. तीन वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

चार दिवस मी त्यांना अथेन्स दाखवलं. दोघींना सगळं आवडलं आणि दोघींनी ते मलाच सांगितलं. परत जायला दोन दिवस उरले होते आणि आत्याचं सामान पुण्याला हलवायला टेम्पोसुद्धा ठरलेला होता. म्हणून त्या रविवारी मी त्यांना बोटीनं हायड्राला नेलं. तिथले लोक इद्रा म्हणतात. छोटं बेट आहे, बंदराभोवती चढत गेलेलं गाव, आणि गावात मोटारी नाहीत. सामान वाहायला खेचरं आणि माणसाला त्याचे पाय. माझा हिशेब साधा होता. मोटार नाही, म्हणजे दोघींना दोन टॅक्सी करता येणार नाहीत.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या आत्यानं बेटाची उलटतपासणी घेतली. झाडं कमी, दगड फार, नदी नाही. “हायड्रो म्हणजे पाणी. नाव पाण्यावरून आणि पाण्याचा पत्ता नाही. आमच्या पुस्तकात भूमध्य सामुद्रिक हवामान असं एक पान होतं. मुलींना वाटायचं बाई गप्पा मारतायत. हे बघ, पानातलं सगळं जसंच्या तसं आहे,” ती मला म्हणाली. एवढ्यात पाठीवर फ्रीज बांधलेलं एक खेचर आमच्या अंगावरून गेलं. आई माझ्या एका बाजूनं सरकली, आत्या दुसऱ्या बाजूनं. माझ्या मागे आत्याचा तोल सावरायला आईचा हात पुढे आला होता. आत्याला तो दिसला नाही. मी बघतोय म्हटल्यावर आईनं तोच हात वळवून आपल्या पदराची घडी नीट केली.

बंदराला पाठ करून फोटो काढायचा म्हटल्यावर नवाच पेच. आईला माझ्याबरोबर हवा होता, आत्यालाही माझ्याबरोबर हवा होता, आणि एकीच्या फोटोत दुसरी नको होती. शेवटी खुर्च्या मांडत असलेल्या एका हॉटेलवाल्यानं कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि तिघांना एकत्र उभं केलं. मग खुणेनं त्यानं मलाच बाजूला व्हायला सांगितलं आणि त्या दोघींना जवळ यायला सांगितलं. बहिणी आहेत ना, तो मला विचारत होता, नाकं सारखी आहेत. मी हे भाषांतर करून सांगितलं. आईनं नाकाला रुमाल लावला. आत्या समुद्राकडे बघायला लागली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात एक नाक झाकलेलं आहे आणि दुसरं वळलेलं.

त्यानं आम्हाला बदामाची मिठाई देऊ केली. आईनं घेतली. आत्या नको म्हणाली. अथेन्समध्येही तिनं गोडाला हात लावला नव्हता. मधात भिजलेला बकलावा समोर आला की ताटली माझ्याकडे सरकवायची. अण्णांना मधुमेह होता, म्हणजे तिलाही झाला असणार, असं मी धरून चाललो होतो.

“आता वर चला,” आत्या म्हणाली. “गावात आलं की आधी देवळात जावं.”

“तुझ्या आत्याला सांग, मी तेच म्हणणार होते,” आई म्हणाली.

गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या होत्या. दोघी दम लागला तरी थांबेनात, कारण दुसरी थांबल्याशिवाय थांबायचं नाही असं दोघींनी ठरवलेलं दिसत होतं. मी मात्र तीन ठिकाणी बुटाची नाडी बांधली, म्हणजे त्यांना टेकता यावं. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वर एका छोट्या चौकात एक छोटंसं चर्च होतं. नुकतीच प्रार्थना सुटली होती. माणसं बाहेर येत होती आणि दाराशी काळ्या कपड्यांतली एक बाई एका मोठ्या परातीतून काहीतरी चमच्यानं काढून कागदी पिशव्यांत भरून प्रत्येकाच्या हातात देत होती. घेणारा तिच्याशी दोन शब्द हळू आवाजात बोलायचा आणि पुढे जायचा.

“प्रसाद वाटतायत,” आत्या म्हणाली.

इथे प्रसाद असतो की नाही मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत माझं ग्रीक भाजीवाल्यापर्यंत जेमतेम पोचलं होतं, देवापर्यंत नाही. मी काही बोलायच्या आत आत्यानं चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला तसा तिनं उजवा तळहात पुढे केला, खाली डावा हात धरला आणि मान लववली. काळ्या कपड्यांतली बाई पिशवी भरता भरता थबकली. मग तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि एक चमचा सरळ आत्याच्या तळहातावर घातला. आत्यानं तो हात कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

“गोड आहे गं आत्या,” मी म्हणालो. “तुला चालेल का?”

“प्रसादाला नाही म्हणू नये,” ती म्हणाली आणि डोळे मिटून चावत राहिली. “गहू आहेत. शिजवलेले. डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम. वर पिठीसाखर. आपल्या गव्हाच्या खिरीसारखंच, नुसतं कोरडं.”

तिचे डोळे मिटलेले बघून त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं आणखी एक चमचा पुढे केला. आत्याचा हात तयारच होता. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी ती काहीतरी चवीनं खात होती. तिच्या मागून आईनंही पिशवी घेतली, पण उघडली नाही. आई परातीच्या मागच्या टेबलाकडे बघत होती.

“निरू, तो फोटो कोणाचा?” तिनं विचारलं.

टेबलावर चौकटीत एका मिशीवाल्या माणसाचा फोटो होता. माणूस बोटीत बसून हसत होता. फोटोपुढे एक बारीक मेणबत्ती जळत होती. मी त्या बाईला विचारलं. तिनं सांगितलं, माझा नवरा, अँटोनिस. आज वर्ष झालं. हे त्याच्या नावानं, याला कोलिवा म्हणतात, आणि तुम्ही परके असून खाल्लंत, देव तुमचं भलं करो.

मला सगळं समजलं आणि त्याक्षणी माझं सगळं ग्रीक विसरायची इच्छा झाली. दुसऱ्याच्या श्राद्धाचं अन्न आत्यानं अनवाणी उभं राहून, कपाळाला लावून, दोनदा खाल्लं होतं.

“इथले कोणीतरी संत आहेत,” मी आईला म्हणालो.

“संत बनियन घालून फोटो काढत नाहीत,” आई म्हणाली. तिनं फोटोकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं, काळ्या कपड्यांतल्या त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहिलं. “अरे, हे वर्षश्राद्ध आहे.”

आणि मग ती मला ओलांडून पुढे गेली आणि आत्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मधे मी नव्हतो.

“वन्सं,” ती म्हणाली. “सख्ख्या भावाच्या गोड जेवणाला भरल्या ताटावरून उठलात. आणि इथे कोण कुठला माणूस, त्याच्या श्राद्धाचं हात पुढे करकरून खाल्लंत?”

तीन वर्षांनी तोंड उघडलं ते असं. मी मनातल्या मनात टेम्पोत सामान चढवून टाकलं. आता ही बाई पुण्यालाच जाणार, आणि तिला तिकडे पोचवण्याचं श्रेय माझं.

 आत्याच्या हाताला पिठीसाखर लागली होती. तिनं फोटोकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि चर्चच्या पायरीवर खाली बसली. शाळेत जिच्या चाहुलीनं वर्ग गप्प व्हायचा ती बाई एकदम लहान दिसायला लागली.

“मला प्रसाद वाटला गं, कुमुद,” ती म्हणाली. “तीन वर्षांत आज पहिल्यांदा गोड तोंडात गेलं.”

“का? तुम्हाला कुठे साखर आहे?”

“मला कुठली. साखर मोरूला होती.”

मोरू म्हणजे अण्णा. मग ती बोलायला लागली. आमच्याकडे नाही, आपल्या हाताकडे बघत. अण्णांना मधुमेह निघाल्यापासून त्यांचं पथ्य तिनं स्वतःकडे घेतलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. रोज सकाळी मशीन घेऊन खाली येऊन त्यांचं बोट टोचायची, कारल्याचा रस पाजायची, कोणाच्या लग्नाला गेलं तर त्यांच्या शेजारी बसून ताटावर पहारा करायची. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की शेवटच्या दिवाळीला अण्णांनी तिच्याकडे अर्धा अनारसा मागितला होता. पाहुण्यांसमोर. तिनं तो त्यांच्या पानातून उचलून घेतला. अण्णा हसले आणि गप्प बसले. महिन्याभरात ते गेले.

“अर्धाच मागत होता,” आत्या म्हणाली. “मी दिला नाही. आणि तो गेल्यावर त्याच्याच नावानं मी गोड गिळायचं? तू वाढलंस तेव्हा माझा हात पुढे होईना. म्हणून उठले. कोणाचा अपमान करायला नाही उठले.”

मला वाटलं आता आई रडेल. पण आईचा चेहरा भलताच झाला होता. चोरी उघडकीला यायच्या बेताला आलेल्या माणसाचा असतो तसा. ती हळूच आत्याच्या शेजारी त्याच पायरीवर टेकली.

“वन्सं,” ती म्हणाली, “तो अनारसा मी त्यांना नंतर दिला.”

“काय?”

“अर्धा नाही. दोन दिले.”

आत्यानं मान वर केली.

“आणि पेढेही द्यायचे,” आई म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. “साताऱ्याचे कंदी पेढे.”

“कधी?”

“रोज.” आई जरा थांबली. “एकादशीला नाही.”

काळ्या कपड्यांतली बाई चमचा हातात धरून या दोघींकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण काहीतरी महत्त्वाचं चाललंय एवढं कळत असावं, कारण तिनं मागच्या लोकांना हातानं थांबवून ठेवलं होतं.

“मी रोज घर तपासायची,” आत्या म्हणाली. “फडताळ, फ्रीज, त्याच्या कोटाचे खिसे. ठेवायचीस कुठे?”

“चहाच्या डब्यात, पावडरीच्या खाली. तुम्ही जन्मात कधी स्वतः चहा केला नाहीत, म्हणून.”

“म्हणजे मी कारलं पाजतेय, चालायला लावतेय, आणि तरी याची साखर उतरत कशी नाही, म्हणून मी दोन डॉक्टर बदलले. मशीन खराब आहे म्हणून नवं आणवलं.”

“हो. नवं मशीन आलं त्या दिवशी फार हसले ते.”

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. मी एक पाऊल मागे सरलो, कारण शाळेतल्या मुली सांगायच्या की बाईंचं तोंड उघडं राहिलं की त्यानंतर पट्टी येते. पण बोलली ती आईच, आणि आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुम्ही ताटावरून उठलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं. डबा सापडला तुम्हाला. हिनंच माझ्या भावाला मारलं, हिच्या हातचं मी खाणार नाही, असं तुमच्या मनात आहे. म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असता तर?”

तीन वर्षं एका जिन्याच्या खालच्या टोकाला एक बाई बसली होती आणि वरच्या टोकाला दुसरी. खालची समजत होती आपण दिलं म्हणून माणूस गेला. वरची समजत होती आपण दिलं नाही म्हणून तो उपाशी गेला. मी त्यांच्यासाठी विमानाच्या शेजारच्या जागा बघत होतो.

“हृदयविकार होता तो,” आत्या म्हणाली. “आमच्या वडिलांनाही तसाच आला. डॉक्टर म्हणाले की तुला.”

“डॉक्टर म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात.”

आत्यानं साखर लागलेला हात लुगड्याला पुसला आणि आईच्या गुडघ्यावर ठेवला.

“मी म्हणते. तू नाही मारलंस त्याला, कुमुद. तू होतीस म्हणून तो सुखात राहिला, आणि मी होते म्हणून तो चोरून खायला शिकला.” मग तिनं विचारलं, “शेवटी पेढा खाल्ला होता का?”

“आदल्या दिवशी संध्याकाळी. दोन मागितले, दोन दिले.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली. “फार बरं झालं.” आणि तिचे डोळे भरून आले.

 मग आत्याचं लक्ष आईच्या हातातल्या न उघडलेल्या पिशवीकडे गेलं. तू त्या दिवशी जेवलीस का, तिनं विचारलं. तुम्ही उठलात, मग मी कशी जेवणार, आई म्हणाली, सगळं उचलून झाकून ठेवलं. आत्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली, उघडली, थोडे गहू आईच्या तळहातावर घातले आणि थोडे आपल्या. दोघी शेजारीशेजारी बसून खायला लागल्या. परक्या गावात, परक्या माणसाच्या श्राद्धाच्या ताटावर, अण्णांचं राहिलेलं गोड जेवण चाललं होतं आणि ते बघून मला पहिल्यांदा माझे वडील गेल्याचं नीट रडू आलं.

तेवढ्यात ती काळ्या कपड्यांतली बाई पाण्याचे पेले घेऊन आली. मी माझ्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये तिला सांगितलं, की यांचाही एक माणूस गेला, हिचा नवरा आणि हिचा भाऊ, एकच माणूस. तिनं नाव विचारलं. मोरेश्वर, मी म्हणालो. तिनं ते नाव दोनतीनदा मनाशी घोळवलं. नीट जमेपर्यंत ती सोडणार नव्हती. मग फोटोकडे वळून छातीवर क्रूसाची खूण केली आणि आधी अँटोनिसचं आणि मग मोरेश्वरचं नाव घेऊन एक वाक्य म्हटलं. मागे थांबलेल्या लोकांनीही तेच वाक्य हळू आवाजात म्हटलं.

“काय म्हणाली ती?” आत्यानं विचारलं.

“देव त्याला क्षमा करो, म्हणाली. गेलेल्या माणसासाठी इथे असं म्हणतात.”

आत्याच्या कपाळाला आठी पडली. धाकट्या भावाच्या वर्तणुकीबद्दल परक्या बाईनं शेरा मारावा हे तिला पसंत पडलं नसावं.

“क्षमा? कशाबद्दल?”

“पेढ्यांबद्दल,” आई म्हणाली.

 आत्याला हसू फुटलं. ती हसली ती अशी, की चौकातले सगळे काळे कपडे वळून बघायला लागले. आईही हसायला लागली, आणि हसता हसता दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या. मी त्या बाईला सॉरी म्हणायला गेलो. ती म्हणाली, अँटोनिसला असंच आवडलं असतं, आणि तिनं मलाही एक चमचा दिला.

उतरताना दोघी पुढे होत्या आणि मी आत्याच्या चपला हातात घेऊन मागे धावत होतो. त्या भिंतीशीच राहिल्या होत्या आणि तिला पत्ता नव्हता.

बोटीवर मी सवयीनं बाकाच्या मधे बसायला गेलो. आईनं मला उठवलं. जरा तिकडे बस, आम्हाला बोलू दे, म्हणाली. त्या बोलत होत्या ते मला वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं, पण बराचसा अण्णांच्या चोऱ्यांचा हिशेब असावा, कारण आत्या मधूनमधून “अगं बाई” म्हणत होती आणि आई मान डोलावत होती. बंदर मागे पडलं तशी आत्यानं मला हाक मारली आणि पुण्याला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला. तिनं एक कान हातानं झाकला आणि वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायला लागली.

“मी शरयू आठल्ये बोलतेय. ती खोली तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या… नाही, नाही, तब्येत अगदी ठणठणीत आहे… कारण लिहून घ्यायचंय का? मग घ्या लिहून. घरीच जेवायची सोय झाली आहे.”